निगेटिव्ह नाकांची बोंब

माझे बाबा आजारी पडत नाहीत. म्हणजे पडतात, पण मान्य करत नाहीत. ताप आला तर ते म्हणतात, ऊन बाधलं. खोकला झाला तर म्हणतात, फोडणीचा ठसका बसला. थंडीनं दात वाजायला लागले तर खिडकीकडं बोट दाखवतात. नोकरीच्या सगळ्या वर्षांत त्यांनी आजारपणाची रजा घेतली नव्हती आणि ही गोष्ट घरी आलेल्या पाहुण्याला चहा मिळायच्या आत कळायची.

त्यामागं कारण होतं. आमच्या घरात शाळा शिकलेली पहिली पिढी म्हणजे बाबांची. माझे आजोबा दुसऱ्याच्या शेतात राबायचे, आणि बाबांना अंगात ताप असला तरी ओल्या फडक्यानं तोंड पुसून शाळेत धाडायचे. 'एवढ्या मुश्किलीनं दार उघडलंय, आता घरी बसतोस का,' असं म्हणायचे. बाबांनी ते असं काही मनावर घेतलं, की पुढं स्वतः शिक्षक झाल्यावर कुठल्याही मुलाचं आजारपण त्यांना आधी संशयास्पद वाटायचं आणि मग खरं वाटायचं. मुलांना येणारा ताप त्यांच्या मते दोन प्रकारचा: परीक्षेआधीचा आणि गृहपाठ न केल्याचा.

येलदरी धरणाच्या अलीकडं एक निवासी शाळा आहे, बाबा तिथं मुख्याध्यापक होते. मुलं त्यांना मोठे सर म्हणायची. आई-बाबा शाळेच्या आवारातच राहायचे. मी परभणीत एका लॅबमध्ये काम करते. मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकले आहे, पण नातेवाइकांच्या हिशेबी मी 'रक्त-लघवी तपासते', आणि मी तो गैरसमज दूर करायचं केव्हाच सोडून दिलंय.

त्या वर्षी थंडी जरा उशिरा पडली. हरभरा घाट्यावर आला होता. अशात एका सकाळी बाबांचा फोन आला.

"कामात हायेस का?"

"बोला की बाबा."

"पोरं नाटकं करायलीत."

"करणारच ना. स्नेहसंमेलन जवळ आलंय की तुमचं."

"ते नाटक न्हाई गं माय. आजारी पडायची नाटकं. एक खोकला की दुसरा खोकतो. निम्मा वर्ग झोपून हाय. आणि झोपलंय कोण? नदी झोपली, विहीर झोपली, दोन हंडे झोपले."

हे ऐकून मला काळजी वाटायला हवी होती, पण मला हसू आलं. कारण नदी, विहीर आणि हंडे ही बाबांच्या नाटकातली पात्रं होती. दरवर्षी मुलं संमेलनात सिनेमातल्या गाण्यांवर नाचायची. यंदा बाबांनी ते बंद करून पाणी वाचवण्यावर स्वतः एक नाटक लिहिलं होतं. मी ते वाचलेलं नव्हतं. आईनं मात्र जेवणाच्या ताटावर बसून ते पुरतं ऐकलं होतं. "चांगलं हाय," ती मला म्हणाली होती, "पण ते सरंस्तोवर धरण आटंल."

"मग डॉक्टरला दाखवलं का?" मी विचारलं.

"दाखवलं. ते म्हणले, व्हायरल हाय, होईल बरं. व्हायरल म्हणलं की झालं का? कोणता व्हायरल, ते कुणी सांगंना. तू ये. मशिनीत घाल. आणि सगळ्यांसमोर सांग की काही झालेलं न्हाई."

"आणि काही झालेलं असलं तर?"

"तर ते बी सांग," बाबा म्हणाले. माणूस हट्टी असला तरी सरळ आहे.

मी ही गोष्ट आमच्या लॅबच्या प्रमुखांच्या कानावर घातली. आम्ही त्यांना नुसतं डॉक्टर म्हणतो. अत्यंत कमी बोलणारा माणूस. 'हो' म्हणायच्या आधी चष्मा काढून पुसतात आणि 'नाही' म्हणायचं असलं की नुसताच काढतात. त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि म्हणाले, "एका आवारात राहणारी इतकी मुलं एकदम खोकतात, म्हणजे या नाटकाला दिग्दर्शक आहे कुणीतरी. बघू या, कोण आहे ते."

त्यांचा उत्साह मला कळत होता. आमच्या फ्रिजमध्ये काही दिवसांपासून एक नवीन किट येऊन पडलं होतं. ते काय आहे हे सांगायचं तर आधी आमच्या रोजच्या मशीनबद्दल सांगायला हवं. नाकातल्या नमुन्यात विषाणू आहे का हे मशीन बघतं खरं, पण ते शाळेतल्या हजेरीसारखं बघतं. त्याच्याजवळ ठरावीक विषाणूंची नावं असतात. एकेक नाव पुकारायचं, कुणी 'हजर' म्हणालं की पॉझिटिव्ह, कुणीच नाही म्हणालं की निगेटिव्ह. आता हजेरीपटावर नसलेलं एखादं पोर मागच्या बाकावर दंगा करत बसलं असेल, तर ते हजेरीत कळायचं कसं? आमच्याकडं खोकून बेजार झालेली माणसं यायची, नमुना निगेटिव्ह निघायचा आणि आम्ही कागद हातात देऊन मोकळे व्हायचो.

नवीन किट विषाणूचं नाव विचारतच नव्हतं. ते नाकालाच विचारत होतं. विषाणू कुठलाही असो, तो आत शिरला की नाकाच्या आतलं अस्तर बोंब ठोकतं: एक विशिष्ट प्रथिन सोडतं, की धावा, कुणीतरी शिरलंय. त्या प्रथिनाचं नाव गाडीच्या नंबरप्लेटसारखं आहे, अक्षरं आणि आकडे, म्हणून आम्ही लॅबमध्ये त्याला बोंबच म्हणायचो. मशीन म्हणतंय कुणी नाही, पण नाक बोंबलतंय, असं दिसलं की तो नमुना बाजूला काढायचा आणि वरच्या मोठ्या लॅबला पाठवायचा. तिथं त्यातलं सगळं जनुकीय साहित्य वाचून आत नेमकं कोण बसलंय ते शोधता येतं.

"पण हे किट आपण अजून एकदाही वापरलं नाही," मी म्हणाले.

"म्हणून तर," डॉक्टर म्हणाले, आणि पुन्हा चष्मा पुसला.

बाबांनी मुलांच्या आईवडिलांना फोन करून परवानगी घेतली आणि आम्ही निघालो. जिंतूर सोडल्यावर रस्ता जरा मोकळा झाला. कापूस वेचून झालेल्या पऱ्हाट्या रानात तशाच उभ्या होत्या. डॉक्टर पुढं बसून झोपले होते. नमुन्यांचा थंड डबा माझ्या मांडीवर होता आणि मी मनातल्या मनात बाबांशी बोलायची तालीम करत होते. वडिलांच्या शाळेत मोठी अधिकारी म्हणून जाण्यात एक गंमत असते. ती गंमत फाटकापर्यंतच टिकली.

बाबा फाटकात उभे होते. इस्त्रीचा पांढरा शर्ट, गळ्याला मफलर. मुलांसमोर ते मला 'मॅडम' म्हणाले आणि लगेच कानाशी येऊन म्हणाले, "जेवलीस का?"

"बाबा, तुमचा आवाज बसलाय."

"खडूची धूळ."

"खडू आता कोण वापरतं? फळा बदलून किती दिवस झाले."

"आधीची आसल," ते म्हणाले आणि डॉक्टरांकडं वळून त्यांचं स्वागत केलं. डॉक्टरांना त्यांनी नोकरीत एकदाही आजारपणाची रजा न घेतल्याचं सांगितलं. चहा अजून यायचा होता.

आजारी मुलामुलींना एका मोठ्या खोलीत आणलं होतं, तिथं गाद्या ओळीनं घातलेल्या होत्या. बाबांनी आधीच ताकीद दिल्यामुळं सगळे उठून बसले होते आणि जमेल तितके आजारी दिसायचा प्रयत्न करत होते. त्यात खरे आजारी कोण आणि नुसते गंभीर कोण हे मलाही कळेना. डोळे लाल, नाक वाहतंय, मधूनच खोकल्याची एक लाट या टोकापासून त्या टोकापर्यंत जायची. काहींना बारीक ताप होता. कुणाची प्रकृती चिंता करण्यासारखी नव्हती, हे डॉक्टरांनी आधी नीट बघून घेतलं आणि बाबांना सांगितलं. "मी तेच म्हणायलो," बाबा म्हणाले.

नदी कोण ते मला न सांगता कळलं. सातवीतली एक मुलगी होती, डोक्याला रुमाल गच्च बांधलेला, आणि सगळ्यांत जास्त संवाद वाट्याला आल्यासारखा तिचा आवाज पार बसला होता. मी नमुना घ्यायची कापसाची काडी पाकिटातून बाहेर काढल्यावर तिनं विचारलं, "मॅडम, ती मेंदूपर्यंत जाती का?"

"नाही. नाकाच्या आत जराशी फिरवायची."

"मग त्या काडीवरून कळतं का, की माणूस खोटं बोलतंय?"

"खोटं बोलल्याचं नाही कळत. विषाणू असला तर कळतं."

तिनं विचार केला. "न्हाई कळला तर मोठे सर म्हणतील खोटं बोलायली."

बाबा दारातच उभे होते. त्यांनी घसा खाकरला. मुलांना काडीची भीती वाटतेय असं त्यांना वाटलं असावं. ते तडक आत आले आणि समोरच्या खुर्चीत बसले. "मॅडम, आधी माझं घ्या," ते म्हणाले. "बघा रे सगळ्यांनी. यात काही होत न्हाई."

मी डॉक्टरांकडं बघितलं. त्यांनी चष्मा पुसला.

बाबांच्या नाकात काडी घालण्याचा प्रसंग माझ्या आयुष्यात येईल असं मला कधी वाटलं नव्हतं. लहानपणी माझं नाक त्यांनी धोतराच्या सोग्यानं नाही, तर चांगल्या घडीच्या रुमालानं पुसलेलं मला आठवतं. मी एका नाकपुडीत काडी फिरवली. बाबा ताठ बसले होते. दुसऱ्या नाकपुडीत फिरवली तसे त्यांचे डोळे भरून आले आणि ते एकामागून एक असे शिंकले, की थांबतात का नाही असं वाटलं. पहिली शिंक डॉक्टरांच्या मास्कवर गेली. मग विहिरीनं तोंडावर पांघरूण घेतलं आणि ती पांघरुणाखाली हलायला लागली. मग सगळी खोली हलायला लागली.

"हसू नका," बाबा डोळे पुसत म्हणाले, "खोकला येईल."

तसा तो आलाच. पण त्यानंतर सगळ्यांनी मुकाट्यानं नाकं पुढं केली.

नमुने घेऊन आम्ही परतलो. निघताना आईनं डॉक्टरांच्या हातात सोललेल्या हरभऱ्याची पिशवी दिली आणि मला बाजूला घेऊन म्हणाली, "तुझ्या बाबाला सांग, लेकरांला तालमीला नको उठवू. माझं ऐकत न्हाईत. तुझ्या मशिनीचं ऐकतील."

मशीननं घात केला. दुसऱ्या दिवशी निकाल आले आणि एकूणएक नमुने निगेटिव्ह होते. कोविड नाही, नेहमीचा फ्लू नाही, हजेरीपटावरचं कुणीच नाही. मी फोन केला तेव्हा बाबांचा आवाज आदल्या दिवसापेक्षाही खाली गेला होता, पण त्यात विजय स्पष्ट ऐकू येत होता.

"म्हणजे नाटकच."

"बाबा, निगेटिव्ह म्हणजे आमच्या यादीतलं कुणी नाही. काहीच नाही असं नव्हे."

"यादीत न्हाई म्हणजे शाळेत न्हाई."

"तुमच्या पटावर नाव नसलेलं पोर कधी वर्गात येऊन बसत नाही का?"

"माझ्या शाळेत? शक्य न्हाई," बाबा म्हणाले. मग त्यांनी विचार केला असावा. "एकदा शेजारच्या वाडीचा एक आला होता. आठवडाभर जेवून गेला."

"मग? हजेरीत कळला का?"

"न्हाई. गलका लय व्हायला लागला म्हणून मी बघायला गेलाव."

"आम्ही आता तेच करणार आहोत. गलका मोजणार आहोत. तोवर तालीम घेऊ नका."

"संध्याकाळपर्यंत थांबतो," ते म्हणाले. बाबांच्या बाजूनं ही फार मोठी सवलत होती.

मग आम्ही फ्रिजमधलं किट काढलं. कामाची पद्धत तशी साधी आहे. प्लास्टिकच्या एका पट्टीत बारीक बारीक खळगे असतात, प्रत्येक खळग्यात एकेकाचा नमुना घालायचा, त्यावर क्रमानं औषधं घालायची, धुवायचं, वाट बघायची. शेवटी नाकानं बोंब ठोकलेली असली तर खळगा पिवळा होतो. जितकी मोठी बोंब, तितका गडद पिवळा. वाट बघायच्या वेळात डॉक्टर खिडकीत उभे राहून हरभरे खात होते. मी ते बघत होते आणि माझ्या ध्यानात आलं, की मला निकाल कुठला हवा आहे हेच मला कळत नाहीये. मुलं खरी ठरावीत असं वाटत होतं. पण मुलं खरी ठरणं म्हणजे मुलं आजारी असणं, आणि तसं वाटून घेणं काही बरं नव्हतं.

शेवटचं औषध घातलं आणि पट्टी हळूहळू हळदीसारखी झाली.

सगळी नाही. दोन खळगे जवळजवळ कोरे राहिले. पण बाकीचे पिवळे झाले, काही फिकट, काही चांगलेच गडद. कागदावर ज्यांना काहीच झालेलं नव्हतं अशी ती सगळी नाकं तिथं आमच्यापुढं ओरडत होती. इतकी वर्षं मी माणसांच्या हातात निगेटिव्हचे कागद देत आले होते. त्यातली काही माणसं कागदाकडं आणि मग माझ्याकडं कशी बघायची, ते मला त्या वेळी आठवलं. काही झालं नाही म्हणता, मग मला काय होतंय, असं ते बघणं असायचं.

डॉक्टरांनी चष्मा घातला, पट्टीवर वाकले आणि एका खळग्यावर बोट ठेवलं. त्याचा पिवळा रंग सगळ्यांत गडद होता.

"हे नाक कुणाचं?"

मला बघायची गरज पडली नाही. पहिला नमुना कुणाचा घेतला होता ते मला पाठ होतं. "बाबांचं," मी म्हणाले.

डॉक्टरांचे खांदे हलायला लागले. मी त्यांना हसताना पहिल्यांदाच बघत होते. "दिग्दर्शक सापडला," ते म्हणाले. नंतर चष्मा पुसून, गंभीर होऊन त्यांनी मला समजावलं, की कुणाकडून कुणाला लागण झाली हे यावरून अजिबात सांगता येत नाही, बाबांना मुलांकडूनही झाली असेल. मला ते माहीत होतं. पण बाबा तालमीत प्रत्येक पात्राच्या तोंडाशी जाऊन, मोठ्या आवाजात, प्रत्येक संवाद कसा म्हणायचा ते करून दाखवतात, हेही मला माहीत होतं.

मी फोन लावला. आईनं उचलला.

"बाबा कुठंत?"

"वाचायलेत."

"काय वाचायलेत?"

"काय की. दोन गोधड्या घेऊन वाचायलेत. तोंडावरून बी घेतलीय."

फोन गोधडीखाली गेला. मी बाबांना सगळं सांगितलं: मुलांचं खरं आहे, नाकं बोंबलतायत, कुठला विषाणू ते कळायला वेळ लागेल, पण विषाणू असावा असंच दिसतंय. बाबा ऐकत होते. मधे एकदा खोकले.

"सगळ्यांचं खरं हाय?" त्यांनी विचारलं.

दोन खळगे कोरे होते. त्या दोघांना धुळीनं सर्दी झाली असेल, बरं होत आलं असेल, किंवा दोघांना नाटकातून सुटायचं असेल. किटनं एवढंच सांगितलं होतं, की त्यांची नाकं शांत आहेत. का, ते सांगितलं नव्हतं. "जवळजवळ सगळ्यांचं," मी म्हणाले. ती दोघं कोण ते मी बाबांना अजून सांगितलेलं नाही. त्यातला एक हंडा होता, एवढं इथं सांगायला हरकत नाही.

"आणि बाबा, सगळ्यांत मोठी बोंब कुणाची आहे माहितीये का?"

"नदीची आसल. लेकरू लय आजारी दिसायलंय."

"तुमची."



"मला काय झालंय? मशीन चुकलं आसल."

"हे मशीन चुकलं आणि आधीचं बरोबर होतं का?"

आईचा आवाज आला, जरा लांबून. "द्या त्या लेकरांला सुट्टी आन् तुमी बी गप पडा."

बाबांनी त्या दिवशी रजेचा अर्ज लिहिला. मुलांच्या आजारपणाचे ढिगानं अर्ज त्यांनी आयुष्यभर तपासले होते, त्यांतल्या ऱ्हस्व-दीर्घाच्या चुकांवर लाल खुणा केल्या होत्या, पण स्वतःचा लिहायला बसल्यावर त्यांना सुरुवातच सुचेना. आईनं नंतर मला सांगितलं, की त्यांनी 'मला ताप आला आहे' असं लिहिलं, ते खोडलं, 'मला ताप आल्यासारखे वाटत आहे' असं लिहिलं, तेही खोडलं, आणि मग पेन ठेवून बराच वेळ भिंतीकडं बघत बसले. तिनं विचारलं, काय झालं. तर म्हणाले, "आमच्या दादाला काय वाटलं असतं?" दादा म्हणजे माझे आजोबा. आई म्हणाली, "त्यायला वाटलं असतं, पोरगं मुख्याध्यापक झालं, आता एक दिवस निजलं तर चालतंय." मग त्यांनी पहिलंच वाक्य पुन्हा लिहिलं आणि सही केली.

संमेलन पुढं ढकललं. मुलं एकेक करून उठली, खेळायला लागली. बाबा सगळ्यांत शेवटी उठले. मोठ्या लॅबचं उत्तर आलं तोवर शाळेत खोकणारं कुणी उरलं नव्हतं. तो फ्लूच होता, पण आमचं मशीन ओळखतं त्या जातींचा नव्हे. 'सी' नावाचा वेगळा प्रकार, सहसा साध्या सर्दी-खोकल्यासारखाच वागणारा, त्यामुळं त्याला शोधायला सहसा कुणी जात नाही. यादीत नाव नसलेला, गुपचूप आठवडाभर जेवून जाणारा.

मी बाबांना कळवलं. मला वाटलं होतं ते विषय टाळतील. पण दुसऱ्या सकाळी परिपाठाला त्यांनी सगळी शाळा उभी केली आणि सांगितलं, की तुम्ही खोटं बोलताय असं मला वाटलं होतं, ते चुकीचं होतं, तुम्हाला खरंच फ्लू झाला होता आणि मला पण झाला होता. मग ते म्हणाले, की नाटक आता आपण जरा लहान करू. आई तिथं होती. तिचं म्हणणं असं, की मुलांनी टाळ्या वाजवल्या त्या माफीला नव्हे, दुसऱ्या वाक्याला.

संमेलनाला डॉक्टरही आले. त्यांना कुणी बोलावलं होतं की ते स्वतःहून आले ते मला माहीत नाही. ते पुढच्या रांगेत बसले. येलदरीकडची, आजूबाजूच्या गावातली माणसं जमली होती. नदीचा आवाज अजून पुरता भरून आला नव्हता. तिचं बोलणं घोगरं, तुटक येत होतं, आणि मागं बसलेल्या एका म्हाताऱ्याला ते फार आवडलं. "आटलेल्या नदीचा आवाज बरोबर काढलाय पोरीनं," तो शेजाऱ्याला म्हणाला. बाबा पडद्याच्या कडेला उभे राहून प्रत्येक पात्राचा प्रत्येक संवाद ओठांनी म्हणत होते. मुलांपासून बऱ्याच अंतरावर, हे मी बघितलं.

नाटक संपल्यावर नदी माझ्याकडं आली. कपाळावरचा निळा रंग घामानं गालावर आला होता.

"मॅडम, माझ्या नाकानं बोंब ठोकली म्हणं."

"ठोकली की. चांगली मोठी."

"मग मला कामून ऐकू आली न्हाई?"

मी तिला सांगायला लागले, की शिंक, ताप, अंग मोडून येणं हे सगळं म्हणजे आपलं शरीरच ओरडत असतं, फक्त ते कुणाचं नाव घेत नाही. ती ऐकत होती, पण तिला भलताच प्रश्न पडला होता.

"मग मोठ्या सरांचं नाक सगळ्यांत मोठ्यानं वरडायलं होतं, तर सर आम्हाला कसे ओरडत होते?"

मी डॉक्टरांकडं बघितलं. त्यांनी चष्मा काढला, पण पुसला नाही, तसाच हातात धरून ठेवला. मग आईनं हाक मारली, जेवायला बसा म्हणून, आणि आम्ही सगळे उठलो.